काढून टाकलेलं वाक्य

"हे नाव झालं. कारण कुठंय?"

आमच्या मॅडमच्या तोंडी हे वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस म्हणायचा, "मॅडम, मला रक्त कमी असल्याचा आजार आहे." मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हे नाव झालं. कारण कुठंय?" माणूस गोंधळून जायचा. कारण म्हणजे आधार कार्डासारखा एखादा कागद असावा आणि तो आपण घरी विसरलो, असं त्याला वाटायचं. एक आजोबा तर खरंच म्हणाले, "कारन आनलं न्हाय बाय. उद्या आनून देतो." मॅडमनी गंभीरपणे मान हलवली. "आणा," म्हणाल्या. मग आतल्या खोलीत येऊन तोंडावर पदर दाबून इतक्या हसल्या की मला त्यांच्या हातातली स्लाइड काढून घ्यावी लागली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती उत्तर मिळालं तरी थांबत नाहीत, उत्तराच्या मागे काय आहे ते बघायला जातात. पण अशा माणसाबरोबर रोज आठ तास काम करायचं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगू शकते. मी बारा वर्षं केलं.

मुरुडच्या बाजारातून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची लॅब होती. खाली दोन खोल्यांत लॅब आणि वर त्या एकट्या राहायच्या. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी वीसेक वर्षं पॅथॉलॉजी शिकवली होती. आई आजारी पडली म्हणून गावी परत आल्या, आणि आई गेल्यावरही राहिल्या. लग्न केलं नव्हतं. मी काशीदची. अलिबागला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि तो संपल्यावर अठराव्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहिले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"काय दिसतं?"

"लाल पेशी."

"कशा आहेत?"

"लहान आहेत. फिक्या."

"आणखी?"

मला आणखी काही दिसेना. नारिंगी दाण्यांच्या पांढऱ्या पेशी थोड्या जास्त वाटत होत्या, तेवढं सांगितलं. मॅडम खूश झाल्या. "शाबास. आता हा माणूस बघ. हा सुपारीच्या वाडीत काम करतो आणि अनवाणी फिरतो."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. स्लाइडमध्ये पाय दिसतात की काय, असं मला वाटलं.

तो बोर्ली पंचतनकडचा माणूस होता. तीन वर्षं लोहाच्या गोळ्या खात होता आणि तीन वर्षं पांढराफटक होता. मॅडमनी शौचाची तपासणी करायला लावली आणि त्यात कृमींची अंडी निघाली; त्या नारिंगी दाण्यांच्या पेशी कृमींमुळेच वाढल्या होत्या. ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीत शिरणारे आणि आतड्यात बसून रक्त पिणारे कृमी. रिपोर्टच्या खाली मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वाडीत चप्पल घालणे.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, पॅथॉलॉजिस्टनं चपला लिहून दिलेल्या मी पहिल्यांदाच बघतोय."

"तुम्ही तीन वर्षं लिहिल्या नाहीत, म्हणून मला लिहाव्या लागल्या," मॅडम म्हणाल्या.

एकदा पंधरा दिवसांत काविळीचे आठ रिपोर्ट झाले. मॅडमनी फॉर्मवरचे पत्ते वाचले. पाच जण एकाच मोहल्ल्यातले होते. भर दुपारी छत्री उघडून त्या निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चल." मोहल्ल्यात एका अंगणात जुनी विहीर होती. घरातले वयस्क चाचा अदबीने म्हणाले, "डॉक्टरसाहिबा, हा कुवा आमच्या अब्बांच्या जमान्यातला. पानी शक्करसारखं."

"पाणी गोडच आहे," मॅडम म्हणाल्या. "मागे भाड्याच्या नव्या खोल्या झाल्यात ना? त्यांच्या संडासाची टाकी कुठंय तेवढी दाखवा."

चाचांनी दाखवली. मॅडम विहिरीपासून टाकीपर्यंत पावलं टाकत गेल्या. बारा झाली. चाचांनीही ती पावलं पाहिली होती, आणि त्यांचा स्वतःचा नातू घरात पिवळा होऊन पडला होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी विहिरीवर फळ्या ठोकल्या. त्या ईदला शीरखुर्म्याचा डबा आला तो इतका मोठा, की आम्ही दोघी तो दोन दिवस खात होतो.

अशा कितीतरी आठवणी आहेत. पण मी लिहायला बसले ती त्यांच्यासाठी नाही.

समुद्राजवळ मायक्रोस्कोप सांभाळणं फार कठीण. खारी हवा लोखंड खाते आणि दमट हवेने लेन्सवर बुरशी चढते. आमचा मायक्रोस्कोप रोज काम संपलं की कपाटात जायचा आणि त्या कपाटात कायम एक बल्ब जळत असायचा. त्यामुळे त्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी, मॅडम म्हणाल्या की लेन्समध्ये काहीतरी बिघडलंय, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी लेन्स पुसली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पुसली.

मग एकदा छापलेला रिपोर्ट हातात घेऊन त्या म्हणाल्या, "या प्रिंटरला काय झालंय? ओळी मध्येच वाकड्या का छापतोय?"

मी कागद बघितला. ओळी सरळ होत्या.

"बघते, मॅडम," मी म्हटलं, आणि प्रिंटरचं झाकण उघडून उगाच आत फुंकर मारली.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. कपाबाहेर चहा ओतताना मी त्यांना पाहिलं होतं. बाटलीवरचा नंबर स्वतः वाचायच्या त्या आता "वाच गं जरा" म्हणायला लागल्या होत्या. हे सगळं मी बघत होते. मला शिकवलेलंच ते होतं, बघायचं. पण ज्यांनी आपल्याला बघायला शिकवलं, त्यांना दिसत नाही, हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? मी मनाशी म्हणायचे, मॅडम स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेलच.

शिमग्याच्या आठ दिवस आधी यमुनाबाई आल्या. कोळीवाड्यातल्या. बाजारात बसणाऱ्या कोळणींमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. पन्नाशीच्या आसपास. छातीत गाठ लागत होती म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी सुईने तपासणी करायला पाठवलं होतं. बरोबर लेक होती, दीपाली. ती काशीदला एका लॉजमध्ये काउंटरवर काम करायची.

"सुई टोचाचीच का बाय?" यमुनाबाईंनी विचारलं. मग सुई बघून हसल्या. "हीच का? मावऱ्याचा काटा यापरीस मोठा असतो!"

मॅडमनी सुई घातली. हात अगदी स्थिर होता. त्यांचा हात शेवटपर्यंत स्थिरच होता. मी स्लाइड रंगवल्या, वाळवल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. मॅडम बघायला लागल्या. एरवी अशी स्लाइड बघायला त्यांना पाच-सात मिनिटं लागायची. त्या दिवशी अर्धा तास झाला. त्या फोकस पुढे फिरवायच्या, मागे फिरवायच्या, डोळे चोळायच्या, पुन्हा वाकायच्या. मी शेजारी उभी होते. 'मॅडम, अलिबागला एकदा डोळे दाखवून घेऊ या का?' हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. अगदी शब्दच्या शब्द तयार होतं. मी ट्रे धुवायला निघून गेले.

मॅडमनी मला मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. गाठ साधी आहे, काळजीच्या पेशी दिसत नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे.

यमुनाबाई लॅबच्या पायरीवर उभ्या राहून फोनवर ओरडल्या, "साधी हाय गो! साधी हाय!" समोरचा वाणीसुद्धा दुकानातून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला ताजे बोंबील आणून दिले.

मे महिन्यात मॅडमनी पनवेलहून मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा माणूस बोलावला. त्याने सगळे भाग टेबलावर पसरले, पुसले, जोडले, स्वतः बघितलं.

"मॅडम, लेन्सवर बुरशीचा ठिपकासुद्धा नाही. मशीन एकदम ओके आहे."

तो निघून गेला. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. मग त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग दुसरा झाकला.

"सुजाता, कॅलेंडरच्या मधल्या चौकोनात आकडा आहे का?"

"आहे, मॅडम."

"कोणता?"

"पंधरा."

"मला तिथे राखाडी डाग दिसतोय," त्या म्हणाल्या. एखाद्या परक्या पेशंटबद्दल सांगावं तशा. मग त्यांनी विचारलं, "प्रिंटर बिघडला नव्हता ना?"

"नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

मी रडायला लागले. "शिमग्याच्या आधीपासून," मी कसंबसं म्हटलं.

त्या रागावतील असं मला वाटलं. खरं तर त्यांनी रागवायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझी भीती वाटली?"

"नाही, मॅडम. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उठून मायक्रोस्कोपवर कापड घातलं. त्यानंतर ते त्यांनी कधीच काढलं नाही.

अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासून सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजलाय, एका डोळ्याचा जास्त आणि दुसऱ्याचाही सुरू झालाय. इंजेक्शनांनी पुढचं नुकसान थोडं थांबेल, पण झालेलं भरून येणार नाही.

"कारण?" मॅडमनी विचारलं.

"वय, मॅडम," तो तरुण डॉक्टर म्हणाला. "आणि थोडं घराण्यातून."

मॅडमनी मान हलवली आणि उठल्या. उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

एसटीतून परत येताना आम्ही रेवदंड्याचा पूल ओलांडला. मग म्हणाल्या, "वर्षभराच्या सगळ्या स्लाइड बाहेर काढायच्या. डोळा मला कधीपासून फसवतोय ते मला माहीत नाही. म्हणून पूर्ण वर्ष मागे जायचं."

अलिबागला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पॅथॉलॉजिस्ट होती. तिने हे सगळं, आणि यापुढच्या स्लाइडही, बघून द्यायचं कबूल केलं. स्लाइडच्या पेट्या मी मांडीवर घेऊन तीन खेपांमध्ये नेल्या. खड्डा आला की दोन्ही हातांनी पेटी उचलून धरायची. तीन आठवडे लागले. एवढ्या स्लाइडमध्ये तीन चुका निघाल्या. त्यातल्या दोन अशा होत्या की त्यांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तिसऱ्या चुकीचा फोन आला तेव्हा मॅडम उभ्या होत्या. "पुन्हा बघ," म्हणाल्या. पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला. "दोनदा बघितलं, मॅडम. दुसऱ्यांनाही दाखवलं."

मॅडमनी फोन ठेवला आणि पायांनी चाचपडत चपला शोधायला लागल्या.

कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद असते. यमुनाबाई दारात बसून सुक्या मासळीची टोपली निवडत होत्या. दीपालीला त्या दिवशी सुट्टी होती. "येवा, येवा, डाक्टरीनबाय," म्हणत यमुनाबाई उठल्या आणि त्यांनी पाट सरकवला. मॅडम बसल्या नाहीत.

"यमुनाबाई, माझ्याकडून चूक झालीय. मी तुमची गाठ साधी सांगितली. ती साधी नाही. कॅन्सरची आहे. माझी नजर गेलीय आणि ते मलाच कळलं नाही. तुमचे साडेतीन महिने माझ्यामुळे वाया गेले."

यमुनाबाईंच्या हातात एक सुका मासा होता तो तसाच राहिला. दीपाली पुढे आली. "दिसत न्हवतं तर बघितलं कशाला तुमी?"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर काय? माझ्या आयचं काय होनार आता?"

"दीपे, गप ऱ्हा," यमुनाबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या. हात छातीवर नेऊन म्हणाल्या, "मना वाटतच व्हतं, वाढलीय म्हनून. पन कागदावर साधी लिवलं व्हतं ना." मग मॅडमकडे वर बघितलं. "आता काय कराचं ते सांग बाय."

"उद्या मुंबईला जायचं. मी बरोबर येते. जितक्या वेळा जावं लागेल तितक्या वेळा येते."

"तुला दिसत न्हाय, मना बरं न्हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "कोन कोनाला नेनार?"

आणि त्या हसल्या. त्या घरात त्या क्षणी फक्त त्याच हसल्या.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पहिल्या खेपेला मी आणि दीपालीही होतो. सगळ्या तपासण्या झाल्या, ऑपरेशनचा दिवस ठरला. यमुनाबाईंना बाहेर बसवून मॅडम सर्जनकडे परत गेल्या. मी त्यांचा हात धरून होते.

"मार्चमध्ये आली असती तर?"

सर्जनने पेन खाली ठेवलं. "सांगता येत नाही, मॅडम."

"अंदाज सांगा."

"काखेतल्या गाठींमध्ये आजार गेलाय. तो तेव्हा गेला होता की नव्हता, हे आता कोण सांगणार? काहींमध्ये गाठ वाटाण्याएवढी असतानाच पसरलेला असतो."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्यानं माझी दया येऊन सांगितलं."

"खरंही असेल, मॅडम."

"असेलही," त्या म्हणाल्या. "तेच तर. दोन्ही असू शकतं." आयुष्यभर ज्यांनी कारणाशिवाय गोष्ट सोडली नाही, त्यांना आता असा प्रश्न मिळाला होता की त्याचं उत्तर कुठल्याच स्लाइडमध्ये नव्हतं.

ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला जायचं. दीपालीला रजा मिळायची नाही, त्यामुळे बऱ्याच खेपांना या दोघीच असायच्या. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला जायचे. यमुनाबाईंच्या डोक्यावर केस राहिले नव्हते, त्यांनी फुलाफुलांचा रुमाल बांधलेला असायचा. मॅडमच्या हातात औषधांची फाइल. बस लागली की यमुनाबाई मॅडमचं कोपर धरायच्या. "पायरी उंच हाय, सांबाल." आणि आत गेल्यावर मॅडम खिडकीजवळची जागा त्यांना द्यायच्या, उलटी झाली तर बरं म्हणून.

पावसाळा संपल्यावर मांडव्याहून लाँच सुरू झाली. मग त्या लाँचने जायला लागल्या. यमुनाबाई वाटेतलं सगळं मोठ्याने सांगत बसायच्या. हे जहाज कसलं, ती होडी कुणाची, तो नाखवा कसा चुकीचं जाळं टाकतोय. आल्यावर मॅडम मला म्हणायच्या, "आज काय काय पाहिलं माहितीय?" आणि यमुनाबाईंनी सांगितलेलं सगळं मला सांगायच्या.

एक चांगलं वर्ष गेलं. यमुनाबाई पुन्हा बाजारात बसायला लागल्या. केस आले, आवाजही परत आला. मग पाठ दुखायला लागली. तपासणीत आजार हाडांत आणि यकृतात दिसला. त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. शेवटच्या महिन्यात मॅडम रोज सकाळी कोळीवाड्यात जायच्या आणि त्यांच्या उशाशी बसायच्या. दीपाली त्यांच्याशी बोलायची नाही. चहा मात्र आणून ठेवायची, हाताला लागेल असा.

यमुनाबाई गेल्या त्या सकाळी आम्ही दोघी गेलो. दीपाली दारात आली. "तुमी नका येव आत," ती मॅडमला म्हणाली. आरडाओरडा केला नाही, साधं सांगितलं. मॅडम मागे फिरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तिरडी समोरून गेली तेव्हा मी त्यांना हळूच सांगितलं, आणि त्यांनी हात जोडले.

दिवसकार्य झाल्यावर मॅडमनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "लिही. दीपालीला तक्रार करायची असेल तर तिच्या हातात कागद हवा. माझ्याविरुद्ध पुरावा तिनं कुठून आणायचा?"

त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. कोणत्या दिवशी तपासणी झाली. रिपोर्ट काय दिला. नजर अधू असल्याची लक्षणं कोणती होती, आणि ती आपण प्रिंटरवर आणि लेन्सवर कशी ढकलली. चूक कशी सापडली. शेवटी 'या चुकीचे कारण म्हणजे माझा निष्काळजीपणा' असं वाक्य होतं. त्याच्याखाली मी माझ्या मनाने एक वाक्य घातलं. 'माझ्या टेक्निशियनच्या हे तपासणीच्या दिवशीच लक्षात आले होते, पण ती बोलली नाही.'

"वाचून दाखव," मॅडम म्हणाल्या.

मी सगळं वाचलं. माझं वाक्यही वाचलं. न वाचता ठेवलं असतं तर त्यांना कधी कळलंही नसतं, पण तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

"हे मी सांगितलेलं नाही."

"पण ते कारण आहे, मॅडम."

"काढ ते."

"मग कारण अपुरं राहील."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सही माझी होती. स्लाइड माझ्यासमोर होती. तुझं अजून सगळं आयुष्य आहे. इथल्या माणसांनी अजून कितीतरी वर्षं तुझ्यासमोर हात पुढे करायचाय, रक्त काढायला. काढ ते वाक्य, सुजाता."

मी ते काढलं. एक एक अक्षर मागे गेलं. मग मी प्रिंट काढली, त्यांचं बोट धरून सहीच्या जागी नेलं आणि त्यांनी सही केली. माझ्या माहितीत मॅडमनी एवढं एकच कारण अर्धवट सोडलं. आणि ते माझ्यासाठी.

कागद मी नेऊन दिला. दीपालीने घेतला.

त्यानंतर मॅडम पोस्टमनची वाट बघायला लागल्या. त्याच्या सायकलचा आवाज आला की विचारायच्या, "आलं का काही?" विजेचं बिल यायचं, बँकेचं पाकीट यायचं. तक्रार कधीच आली नाही. कुणीतरी आपल्याला विचारावं, जाब मागावा, शिक्षा द्यावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते कुणी दिलं नाही.

मध्ये एकदा मला दीपाली बाजारात भेटली. लॉजची नोकरी सोडून ती आईच्या जागी बसायला लागली होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि जे काढून टाकलं होतं ते तिला सांगितलं. तपासणीच्या दिवशीच मला कळलं होतं, मी बोलले नाही.

ती कोयत्यावर पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "आयला ठावं व्हतं."

"काय?"

"आय म्हनायची, त्या पोरीच्या तोंडावर तवाच कायतरी दिसत व्हतं. मीच इचारलं न्हाय, म्हनायची. साधी हाय लिवलेलं बघून मीच पलाले, म्हनायची." तिने कोयता पुसला. "आता मी कोना कोनाला धरू?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मी उठले.

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या.

एकटं राहणं जमेना तेव्हा पुण्याचा भाचा त्यांना घेऊन गेला. लॅब दुसऱ्यांनी घेतली, मी तिथेच काम करते. वर्षाच्या आतच भाच्याचा फोन आला की आत्या दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. कारण विचारायचं माझ्या मनात आलं. मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या सकाळी. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करायला सांगितली. "सुजाता, समोर उभी राहा जरा." मी दाराजवळच्या माडाशेजारी उभी राहिले. मॅडमनी माझ्याकडे तोंड केलं, आणि मग माझ्यावरून नजर काढून माडाच्या बुंध्याकडे वळवली. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी लपवतायत.

"तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस," त्या म्हणाल्या. "मध्ये डाग येतो. झाडाकडे बघितलं की कडेला तू दिसतेस. हलू नकोस."

भाच्याने इंजिन बंद केलं. त्या माडाकडे बघत राहिल्या, एकटक, स्लाइड बघायच्या तशा. मी हलले नाही.